पिवळ्या शालीतली ओनोरीन

दक्षिणेहून आलेलं ते सपाट पुडकं गास्पारने मुळ्यांच्या आणि लोण्याच्या ताटल्या बाजूला सारून थेट जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा बेर्तने हातातला चमचा त्याच्या मनगटावर हलकेच आपटला.

"ते खाली ठेव. टेबलक्लॉथ आहे हा, तुझं दुकान नाही."

"आज दुकानच समज, बेर्त! दोनशे प्रती गेल्या होत्या, दोनशेच्या दोनशे सही होऊन आल्यात. म्हाताऱ्याने एकसुद्धा परत फेकली नाही. आहेस कुठे!"

"मी इथेच आहे. कोकराची तंगडी करपायला लागली तरी इथेच आहे," असं म्हणून आपल्या धाकट्या दिराकडे पाठ फिरवत बेर्त स्वयंपाकघरात गेली, पण जाता जाता तिने आपल्या मुलीच्या, नोएमीच्या, खांद्यावर हात ठेवला आणि क्षणभर तो उचलला नाही.

मे महिन्याचा तो रविवार होता. अंगणातल्या चेस्टनटच्या झाडाने फुलांची पांढरी झुंबरं पेटवली होती. खाली, बंद दाराआड, छापखाना आठवड्यातला एकमेव निवांत दिवस भोगत होता. तरीही शाईचा आणि ओल्या दगडाचा वास जिन्याने वर येऊन प्रत्येक घासाबरोबर बसतच असे. बाझीरांच्या घरात त्या वासाला कोणी वास म्हणत नसे. ती त्यांची हवा होती.

गास्पारची आई ओनोरीन आज एकाहत्तर वर्षांची होत होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, याच छापखान्यात शाई घोटणारी पोर असताना, ती नऊ दिवस शेगडीजवळ पिवळी शाल पांघरून बसली होती आणि समोर फेलिऊ सोरिबेस नावाचा, स्वतःची शेगडी नसलेला एक चित्रकार उभा होता. त्या नऊ दिवसांचं चित्र आता समुद्रापलीकडच्या एका संग्रहात होतं. सोरिबेसचं नाव आता जगभर होतं. ओनोरीन मात्र होती तिथेच, अंगणाकडे तोंड करून. एका गॅलरीने त्या जुन्या चित्रावरून शिळाछाप, म्हणजे दगडी शिळांवरून छापलेल्या प्रती, काढायला सांगितलं, तेव्हा चार महिन्यांपूर्वी याच टेबलाशी ठरलं होतं: नऊ रंगांच्या नऊ शिळा नोएमी एकटी करेल. सोरिबेसने त्यावर सही केली, तर शिळेवर चित्र उतरवणाऱ्याचं नाव जिथे बारीक अक्षरांत छापतात त्या उजव्या कोपऱ्यात तिचं नाव जाईल आणि गॅलरीची पुढची बारा व्यक्तिचित्रंही तीच करेल. त्या कोपऱ्यात बाझीरांच्या घरातल्या बाईचं नाव आजवर कधी गेलं नव्हतं. गास्पार गॅलऱ्यांकडून कामं आणायचा. त्यानेच शेवटी होकारासाठी हात वर केला होता. "ठीक आहे. पण काही चुकलं, तर पुन्हा शिळेचं नाव काढायचं नाही. कबूल?" तेवीस वर्षांच्या नोएमीने कबूल केलं होतं.

"आजी, डोळे मीट," नोएमी आता म्हणाली.

"या वयात डोळे मिटले की लोक डॉक्टरला बोलावतात," ओनोरीन म्हणाली; पण मिटले.

कागद सुटला. मऊ, जाड, कडेला फाटल्यासारखा सोडलेला कागद आणि त्यावर ती: एकवीस वर्षांची, शालीच्या पिवळ्यात बुडालेली, जणू कोणी दिवा लावून विसरून गेलं आहे. खाली पेन्सिलीत, डोंगरावरून घसरत आल्यासारखी, सोरिबेसची सही.

"उघड."

ओनोरीनने उघडले. तिने चष्मा पुसून पुन्हा लावला आणि बोट चित्राच्या दिशेने नेलं.

"शाल सुंदर. हात सुंदर. मी एवढी सुंदर होते, हे तुमच्यापैकी कोणी मला सांगितलं नाही, ते असो. पण माझी खूण या बाजूला कधीपासून आली गं?"

सगळ्यांनी आधी चित्राकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. तिच्या डाव्या भुवईला मध्येच छेद देणारी जखमेची पांढरी रेघ होती. तिचे मुलगे आन्सेल्म आणि गास्पार ज्या रेघेला बोट लावत लहानाचे मोठे झाले, ती हीच रेघ. चित्रातल्या मुलीची ती उजव्या भुवईवर होती. शालीची गाठही उलट्या खांद्यावर. सगळंच उलटं.

"अरे देवा," गास्पार म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात कोकराची तंगडी हातात घेऊन उभी राहिलेली बेर्त हसायला लागली आणि मुलीचा चेहरा बघून थांबली.

*

नोएमीला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. नंतर वाटलं ते असं, की चार महिने आपण ज्या पायऱ्या चढत होतो त्या कोणीतरी भिंतीवर नुसत्या रंगवल्या होत्या.

शिळेवर जे काढाल ते कागदावर उलटं उमटतं. हे या घरातल्या मुलांना बोलायला लागायच्या आधी कळतं. म्हणून चित्र शिळेवर उलटंच काढायचं. म्हणून मूळ चित्राकडे बघायचंच नाही, आरशात त्याचं प्रतिबिंब बघायचं आणि ते प्रतिबिंब उतरवायचं. मूळ चित्र समुद्रापलीकडे असल्याने त्याची काचेवरची रंगीत प्रत आली होती. ती मागून दिवा असलेल्या पेटीवर चढवून, समोर आरसा लावून, पडदा ओढून ती बसत होती.

"मी आरशातच बघत होते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. काचेकडे मान वळवली नाही. आजोबांनी शिकवलं होतं तस्संच."

"मग झालं कसं?" गास्पार उभा राहिला होता. "आरसा चुकला? आरसा दारू पिऊन आला होता?"

"गास्पार, बस," बेर्त म्हणाली. "आधी कापू दे मला."

"दोनशे प्रती, बेर्त! दोनशे! गॅलरीवाला परवा येतोय. त्याला काय सांगू? की आमच्या घरातल्या पोरीने आमच्या आईलाच उलटं केलं?"

"आणि तू काय करत होतास?" बेर्तने सुरी रोवली. "दक्षिणेला दोनदा तू गेलास. मंजुरीची पहिली प्रत तूच घेऊन गेलास ना त्या म्हाताऱ्याकडे? तुझ्या आईची भुवई तुला दिसली नाही?"

"मी सही बघत होतो!"

"तेच म्हणते मी."

"अगं, आम्हाला कोणालाच दिसत नाही," ओनोरीन रुमाल गळ्यात खोचत म्हणाली. तिला भूक लागली होती. "तुमचा बाप वर्तमानपत्र उजेडासमोर धरून मागच्या बाजूने वाचायचा. मी म्हटलं, अहो, उलटं आहे ते. तर म्हणाला, उलटं? आयुष्यभर आपण सगळे उलटे दगड वाचत आलो. आपल्याला डावं काय, उजवं काय. जरा घेवडा वाढ, बेर्त. रस्सा नको, नुसते दाणे."

हे खरं होतं, आणि म्हणूनच भयंकर होतं. खालच्या यंत्रावर दोनशेच्या दोनशे कागद ज्याने स्वतःच्या हाताने घातले आणि उचलले तो आन्सेल्म, नोएमीचा बाप, टेबलाच्या टोकाला अजून एक शब्द बोलला नव्हता.

*

आन्सेल्म घेवड्याचा एकेक दाणा काट्याने ताटलीच्या कडेला लावत होता.

त्याला जानेवारीतली ती पहाट दिसत होती. काचेची प्रत आदल्या संध्याकाळी आली होती आणि नोएमीने ती पेटीवर चढवून ठेवली होती. तिने त्याच्याकडून वचन घेतलं होतं: पहिला छाप निघेपर्यंत पडद्याच्या आत यायचं नाही, हात लावायचा नाही, सुचवायचं नाही. त्याने मान डोलावली होती. आणि पहाटे, ती उठायच्या आधी, तो खाली गेला होता. नुसतं बघायला. आरशामुळे मान अवघडते, डोळे दुखतात, हे त्याला माहीत होतं. आरशाशिवाय काम करणारे हुशार लोक काचच उलटी चढवतात, हेही माहीत होतं. त्याने चार स्क्रू सैल केले, काच उलटवली, स्क्रू घट्ट केले. पोरीला सोपं जाईल. आपण केलं हे कधी कळायचंही नाही. मग तो वर येऊन, मोज्यांतल्या पायांनी, पुन्हा अंथरुणात शिरला होता. बेर्तने झोपेतच विचारलं होतं, काय रे? तो म्हणाला होता, मांजर.

आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. काच उलटी दिसली की ती आरसा लावणारच नाही, असं त्याने धरलं होतं; ती काचेकडे मान वळवणारच नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने एकदा उलटवलं, तिने आरशात एकदा उलटवलं, शिळेने एकदा: तीनदा उलटलं, ते शेवटी उलटंच.

"ऐका," गास्पार आता खाली बसून, आवाज खाली आणून म्हणत होता. रागाची जागा त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हिशेबी शहाणपणाने घेतली होती. "चित्र आहे समुद्रापलीकडे. इथे कोणी बघितलंय? सही खरी आहे. गप्प बसायचं. विकलं गेलं की झालं."

आणि आश्चर्य म्हणजे बेर्तने होकारार्थी मान हलवली. "मला त्यातलं कळत नाही. पण पोरीचं नुकसान होत नसेल, तर गप्प बसावं."

"आई!" नोएमी म्हणाली.

"काय आई? चार महिने तू जेवली नाहीस नीट. मी गप्प बसेन, पोप विचारायला आला तरी."

"पण नाव जाणार नाही," गास्पारने लगेच जोडलं. "ते राहू दे. आणि पुढच्या बारा शिळा मी बाहेरच्या माणसाला देणार. नोएमी, तुला वाईट वाटेल, पण कबुली झाली होती आपली."

"झाली होती," नोएमी म्हणाली. तिचे हात मांडीवर होते. तेलकट काळ्या खडूची रेघ अजून तिच्या नखांत होती. "नाव नको. आणि प्रतीही नकोत. मी उद्या सगळ्या फाडते. माझी चूक आहे, ती कोणाच्या भिंतीवर लागायला नको. कुठे चुकलं एवढं कळलं असतं, तर..."

"काच मी फिरवली," आन्सेल्म म्हणाला.

कोणालाच पहिल्यांदा ऐकू आलं नाही. तो मोठ्याने बोलणारा माणूस नव्हता. मग त्याने पुन्हा सांगितलं, पहाटेपासून मांजरापर्यंत सगळं. गास्पारकडे न बघता, ताटलीकडे बघत.

"मांजर!" बेर्त म्हणाली. "आपल्याकडे मांजर नाहीये. मला सकाळी वाटलंच होतं."

नोएमी उभी राहिली.

"तुम्ही वचन दिलं होतं, पप्पा."

"दिलं होतं."

"चूक झाली असती तर मी सोसली असती. कबूल केलं होतं ना मी? माझी चूक तरी माझी असायला हवी होती. तुम्हाला काय वाटलं, मला आरसा धरता येत नाही?"

"नाही, पोरी. मला धरता आला नाही." आन्सेल्मने पहिल्यांदा वर पाहिलं. "मी एकोणीस वर्षांचा होतो. बाबांनी मला एक शिळा दिली, द्राक्षांच्या टोपलीची. तीन आठवडे आरशात बघून माझे डोळे पाण्याने भरायचे, रेघ हलायची. बाबा आले, बघितलं, काही बोलले नाहीत. वाळू टाकून शिळा माझ्यासमोर घासून कोरी केली. दुसऱ्या दिवसापासून मी यंत्रावर. मला वाटलं, तुझ्यावर ती पाळी येऊ नये. एवढंच."

गास्पारला हे माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, मोठ्या भावाला यंत्रच आवडतं. त्याने बाटली उचलली आणि भावाचा पेला भरला.

*

ओनोरीनचे दाणे संपले होते. तिने चित्र स्वतःकडे ओढलं आणि उशीला टेकवावं तसं पाण्याच्या जगला टेकवून उभं केलं.

ती विचार करत होती त्या नऊ दिवसांचा. दहाव्या दिवशी फेलिऊने तिला चित्र दाखवलं होतं. सगळे म्हणाले, हुबेहूब. तिने मान डोलावली होती. पण मनात तिला कोणीतरी दुसरीच दिसली होती, रस्त्याच्या पलीकडून चालणारी, नाव माहीत नसलेली. ही बाई मी नाही, असं तेव्हा म्हणणार कसं? शाई घोटणाऱ्या पोरीला चित्रातलं काय कळतं? पन्नास वर्षं तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, थेओदोरला सुद्धा नाही. आणि आज हा कागद. ही पोर तिला रोज सकाळी तोंड धुताना भेटत आली होती.

"गास्पार, फोन आण इकडे," ती म्हणाली. "फेलिऊला लाव."

"आई, रविवारी? दुपारी? तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे."

"म्हणजे जागा असेल. लाव."

वायर ओढत फोन टेबलापर्यंत आला. पलीकडे कोणा बाईचा आवाज, मग कुत्रा, मग सावकाश पावलं. सगळे खुर्च्या सरकवून जवळ आले; बेर्तने ताटल्या उचलायचं सोंगही सोडून दिलं.

"फेलिऊ? ओनोरीन. नाही, मेलेले नाही. अरे, तूही नाही, मग तक्रार कसली? ऐक. माझी खूण कुठल्या भुवईवर आहे?" ती थांबली. "डाव्या. हो. तीन दिवस घालवलेस त्या रेघेवर, माझी मान मोडली होती. आता तुझ्याकडे आमची एक प्रत असेल ना? तिच्याकडे जाऊन बघ."

फोनमधून पावलं दूर गेली. मग फोनमधून असा आवाज आला की नोएमीला वाटलं म्हातारा पडला. तो हसत होता. इतका, की ओनोरीनला फोन कानापासून लांब धरावा लागला आणि ते हसू टेबलावर सांडल्यासारखं सगळ्यांना ऐकू आलं.

"दोनशे सह्या केल्या मी!" फोन ओरडत होता. "तिसावीनंतर मी कागदाकडे बघतच नाही, ओनोरीन! कोपऱ्याकडे बघतो! कोणी केलं हे?"

"माझ्या नातीने. आणि माझ्या मुलाने, चोरून. आणि हे बघ, मला तुझ्यापेक्षा हे आवडलंय. तुझी ती तुला दिसायची. ही मला दिसते. आरशात."

हसू थांबलं.

"नात आहे तिथे? दे तिला."

नोएमीने फोन घेतला. तो गरम होता.

"मादमोझेल," म्हातारा आता हळू बोलत होता, "सही पेन्सिलची आहे. माझ्याकडे रबर आहे. तू म्हणालीस तर दोनशे प्रती परत पाठव. मी बसून दोनशे वेळा स्वतःला खोडतो, व्यायाम होईल. किंवा राहू दे, पण लपवायचं नाही. गॅलरीला मी स्वतः लिहीन, की हे चित्र उलटं आहे आणि मला ते मान्य आहे. पण मग खाली तुझं नाव पाहिजे, कारण ते आता माझं राहिलं नाही. तू ठरव. मी खुर्चीत बसलोय."

सगळे तिच्याकडे बघत होते. गास्पार हाताने खुणा करत होता: राहू दे, राहू दे, राहू दे! आन्सेल्म एकटाच खिडकीबाहेर, चेस्टनटकडे बघत होता, आणि त्याची मान, यंत्रावर वाकून वाकून एका बाजूला कललेली, तिला पाठमोरी दिसत होती.

नोएमीचा राग अजून होता. तो जाणार नव्हता इतक्यात. पण मोज्यांतल्या पायांनी जिना उतरणारा माणूस त्या रागाच्या मधोमध येऊन उभा राहिला होता.

"राहू दे, मस्यू सोरिबेस," ती म्हणाली. "पण कोपऱ्यात एक नाव जाणार नाही."

"मग?"

"दोन जातील. उलटवलं दोघांनी आहे."

"ए, हे काय!" आन्सेल्म वळला. "मला नको. मी फक्त काच फिरवली, पोरी. लोक हसतील."

"हसू देत," ओनोरीन म्हणाली. "मी केव्हाची हसतेय."

"माझी बारा व्यक्तिचित्रं?" गास्पार कुजबुजला.

"मी करेन, काका. चूक माझी एकटीची नव्हती, म्हणजे कबुली मोडली. आणि पडद्याला कडी बसवेन, आतून."

गास्पारने दोन्ही हात हवेत फेकले. मग ते खाली येईपर्यंत त्याचा चेहरा बदलला होता. "उलटी ओनोरीन," तो स्वतःशीच पुटपुटला. "जगात मूळ एक, आणि उलट्या फक्त दोनशे. बेर्त, याला मागणी येईल बघ."

"हात धू," बेर्त म्हणाली. "स्ट्रॉबेरी आणतेय."

*

सोमवारी सकाळी छोट्या शिळेवर नोएमीने एक ओळ लिहिली. शिळेवरचं प्रत्येक अक्षर उजवीकडून डावीकडे धावत होतं, तसं बाझीरांच्या मुलांना शाळेच्या आधी येतं. आन्सेल्म तीन पावलं लांब उभा होता. हात त्याने मागे बांधले होते.

मग यंत्र सुरू झालं. पहिली प्रत त्याने उचलली, उजेडाकडे नेली. पिवळ्या शालीखाली, उजव्या कोपऱ्यात, काळ्या बारीक अक्षरांत: शिळेवर उतरवली, उलट, नोएमी आणि आन्सेल्म बाझीर यांनी.

चाळीस वर्षं उलट्या ओळी डोळ्याच्या एका फटक्यात वाचणारा तो माणूस ही सुलटी ओळ वाचायला फार वेळ घेत होता. पहिलीतल्या मुलासारखा, ओठ हलवत, एकेक अक्षर जोडत.

"पप्पा, एकशे नव्व्याण्णव राहिल्यात," नोएमी म्हणाली.

"हो, हो," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.